अबोली रंगाची सायकल

सायकली बनवणाऱ्यांना बाई म्हटलं की गुलाबी सुचायचं. फारच डोकं चालवलं तर जांभळं, आणि वर साखळीच्या झाकणावर एक फुलपाखरू. त्यांच्या या अकलेवर आमचं घर चाललं, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. बायका नव्या कोऱ्या सायकली घेऊन आमच्याकडे यायच्या आणि म्हणायच्या, "एवढं गुलाबी घालवून द्या."

माझे यजमान रंगारी. दुकान सासऱ्यांपासूनचं. रस्त्याच्या बाजूला पंक्चर, ब्रेक, घंटी अशी किरकोळ कामं, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगकाम. पुरुषाची सायकल आली तर दोन शब्दांत काम उरकायचं. काळी नाहीतर हिरवी, झालं. बायकांचं तसं नव्हतं. त्या रंगाचं नाव सांगत नसत, वस्तू आणत. एकीने कोटाचं बटण आणलं. एकीने फुटक्या कपाचा कान आणला. एकीने वांगं आणलं होतं. रंग जुळल्यावर ते परत मागून नेलं, संध्याकाळी भाजीला हवं म्हणून. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "चिखल दिसू नये असा कुठलाही द्या. पांढरा तेवढा नको, दिवसभर तोच बघते." शाळेतल्या एका बाईंना रंगाचं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे फुलपाखरू काढा फक्त. मी गणित शिकवते. फुलपाखरावर बसून शाळेत गेले तर पोरी मलाच शून्य मार्क देतील."

बायका आल्या की पुढे मी व्हायची. वस्तू हातात घ्यायची, उजेडात धरायची, मग डब्यांकडे बोट करायची. लोकांना वाटे, बायकांशी बायकोने बोलावं, चांगली रीत आहे. खरं कारण वेगळं होतं. ह्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे.

हे मला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळलं. जेवताना हे म्हणाले, "तुला एक सांगायचंय. पिकलेली मिरची आणि कच्ची मिरची मला सारखीच दिसते."

मला वाटलं, जेवण तिखट झालंय. मी म्हटलं, "उद्यापासून कमी घालते."

"तसं नव्हे गं," हे म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. लहानपणापासून असंच होतं. निळा कळायचा, पिवळा कळायचा, बाकीच्यांचा सगळा गोंधळ. सासऱ्यांना ठाऊक होतं. पण ह्यांचा रेघा ओढायचा हात असा, की सासऱ्यांनी दुसऱ्या धंद्याचा विचारच केला नाही. फ्रेमवर केसासारखी बारीक रेघ हे एका दमात ओढायचे, हात टेकवायचा नाही की थांबायचं नाही. रंग सासरे सांगायचे. सासरे गेले आणि सांगणारं कुणी उरलं नाही.

"आता तू सांगशील?" ह्यांनी विचारलं. "पण एक कर. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. माझ्या दिसण्याबद्दल, माझ्या गाण्याबद्दल हवं तेवढं खोटं बोल. रंगाच्या बाबतीत नको. तिथे एकदा जरी गोड बोललीस, तर पुढचं सगळं मला तपासून बघावं लागेल. आणि तपासायला माझ्याकडे आहे काय?"

मी शब्द दिला आणि पाळला. रंग बिघडला की मी "बिघडला" म्हणे. हे कपाळाला हात लावत आणि पॉलिश पेपर उचलून पुन्हा घासायला बसत. गाण्याबद्दल मात्र मी भरपूर खोटं बोलले.

फळीवर डबे मी लावत असे. दाराकडे लाल, मग केशरी, मग तपकिरी. हिरवे पार पलीकडच्या टोकाला, मध्ये पांढऱ्याचा मोठा डबा आडवा. डबे सगळे जुनेच, एकात दुसरं ओतलेलं, त्यामुळे वरच्या कागदावर काहीही असे. तसंही कागदावर काय लिहिलंय ते मला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि आत काय आहे ते ह्यांना दिसत नव्हतं. आम्ही दोघं मिळून एक रंगारी होतो. मी कुठे गावाला गेले की रंगकाम बंद. हे गिऱ्हाइकाला सांगत, "यंत्र बिघडलंय, थोडे दिवस थांबा." परत आले की मला विचारत, "काय यंत्र, झालं का दुरुस्त?"

सायकल चालवायला मी उशिरा शिकले, लेकीचं लग्न झाल्यावर. रंगवलेली सायकल गिऱ्हाइकाला देण्याआधी एकदा चालवून बघावी लागे. पूर्वी ते काम लेक करायची. ती सासरी गेल्यावर ह्यांनी एक दिवस सीट खाली केली आणि मला म्हणाले, "बस."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, म्हातारी पडली. म्हणू देत."

मी पडलेही. पण मागच्या बोळात रोज थोडं थोडं करत जमलं. मग माझी चैनच झाली. आज वांगी रंगाची, उद्या राखाडी, परवा आकाशी. दुसऱ्यांच्या सायकलींवर मी बोळाच्या टोकापर्यंत जाऊन यायची.

अशीच एकदा उतरले तेव्हा ह्यांनी विचारलं, "तुझी स्वतःची असती तर कुठला रंग घेतला असतास?"

मी म्हटलं, "अबोली."

"म्हणजे कसा?"

आता ह्यांना काय सांगणार. बटण दाखवून उपयोग नाही, कपाचा कान दाखवून उपयोग नाही. मी म्हटलं, "लाल नव्हे, केशरी नव्हे. निखाऱ्यावर राख धरायला लागते ना, पण हात जवळ नेला तर अजून शेकतं, तसा."

हे म्हणाले, "चांगला आहे. पण तुझ्यासारखी बडबडी बाई अबोली सायकलवरून जाणार, म्हणजे सायकल बिचारी ऐकूनच घेणार."

मी ते बोलणं विसरले. हे विसरले नव्हते.

लेकीला मुलगी झाली आणि मी तिच्याकडे राहायला गेले. नातीला न्हाऊमाखू घालण्यात दिवस कसे गेले कळलं नाही. परत आले तेव्हा हातात पिशवी घेऊन दुकानाकडे वळणार, तोच शेजारच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून हाक मारली.

"आधी इकडे ये. चहा घे."

"घरी जाऊन येते."

"नंतर जा. बस." त्यांनी मला खुर्चीत बसवलंच. कप हातात दिला आणि आवाज खाली आणला. "तुझ्या नवऱ्याने तुझ्यासाठी सायकल केलीय. भंगारातून फ्रेम आणली, सरळ केली, नवी चाकं घातली. तू गेल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये त्याला. मला बोलावून दाखवली."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, बाई गर्दीत हरवायची नाही." शिंपीणबाईंनी सुई दातात धरली, पुन्हा काढली. "रंग कसा झालाय ते मी सांगत नाही. ह्या माणसाने जन्मभर गावाच्या सायकली रंगवल्या आणि बायकोच्या वेळेला ह्याला काय झालं कळत नाही. माझं ऐक. बघितल्याबरोबर 'सुंदर' म्हण आणि मोकळी हो. एवढा राबलाय, त्याचं तोंड उतरवू नकोस. आमच्या ह्यांनी मला कधी रुमाल आणला नाही."

मी कप खाली ठेवला. त्यांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. सुंदर म्हणणं सोपं होतं. पण एकदा म्हटलं की उद्या गिऱ्हाइकाची सायकल बघून मी काहीही सांगितलं तरी ह्यांच्या मनात शंका राहणार. आणि हे कधी ना कधी शोधून काढणारच. कुणीतरी रस्त्यात बोलणारच. आणि खरं सांगून मन मोडावं, तर इतक्या वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा एकट्याने रंग केला होता, तोही माझ्यासाठी.

मी शेडमध्ये गेले. भिंतीला नवा चुना लावलेला होता. फळी पुसून स्वच्छ केली होती, डबे ओळीत लावले होते. एका नजरेत माझ्या लक्षात आलं. हिरवा दाराकडे होता आणि लाल पलीकडे. मी आल्यावर सगळं लख्ख दिसावं म्हणून ह्यांनी डबे खाली काढले होते, आणि परत ठेवताना आठवणीवर ठेवले होते.

सायकलवर चादर होती. हे बाजूला उभे, हात फडक्याला पुसत. हात कोरडेच होते.

"ओळख बघू," हे म्हणाले आणि चादर ओढली.

पाण्याच्या कडेला शेवाळ धरतं आणि उन्हाने अर्धवट सुकतं, तसा रंग. त्यात ऊब यावी म्हणून तपकिरी घातला असणार, त्याने तो आणखी मळला होता.

"अबोली," माझ्याआधी हेच म्हणाले. "पांढरा घेतला, थोडा पिवळा, मग लाल अगदी थेंबाथेंबाने, शेवटी जरा तपकिरी. बरोबर आलाय ना?"

मी पिशवी खाली ठेवली. "नाही," मी म्हटलं. "अबोली नाही आला."

"मग?"

"हिरवट आलाय. शेवाळासारखा. डबे उलटे लागलेत."

ह्यांनी फळीकडे बघितलं, मग डब्यांकडे, जसं काही आता दिसेल. मग सायकलकडे. खुंटीवरचा पॉलिश पेपर काढला, खाली उकिडवे बसले आणि साखळीच्या झाकणाला घासायला लागणार, तेवढ्यात मी मनगट धरलं.

"थांबा. मला बघू तर द्या."

"बघायचं काय त्यात. आजच्या आज काढतो."

मी ह्यांचा हात सोडला नाही आणि पहिल्यांदा ती सायकल नीट बघितली. रंग कुठेही ओघळला नव्हता, कुठे कमीजास्त नव्हता. गालावरून हात फिरवावा तसा गुळगुळीत. मधल्या वाकड्या नळीवर ह्यांनी दोन पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक निळी, इतकी बारीक की श्वास लागला तर पुसेल असं वाटावं. कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाला जी जाळी लावतात, ती ह्यांनी हाताने विणली होती. टोपली पुढे न लावता मागे लावली होती, कारण पुढे वजन आलं की माझं हँडल डगमगतं. फुलपाखरू कुठेच नव्हतं. मी दाराशी सायकल ओढली, उन्हात. त्या शेवाळी रंगावर निळी रेघ अशी काही उठली, की तसं मी कुणाच्या सायकलवर पाहिलं नव्हतं, आणि सगळ्यांच्या सायकली मीच पाहिल्या होत्या.

"घासायचं नाही," मी म्हटलं. "मला आवडलीय."

"झालं," हे म्हणाले. "शेवटी राखलंसच माझं मन."

"रंगाच्या बाबतीत तुमचं मन मी कधी राखलंय?"

हे शोधत राहिले, एखादी वेळ आठवते का. आठवली नाही.

"आत्ताच तोंडावर सांगितलं ना, शेवाळ म्हणून?" मी म्हटलं. "गोड बोलायचं असतं तर तेव्हाच बोलले असते. शिंपीणबाईंनी तर चहा पाजून पढवून पाठवलं होतं."

"तिने तर मला सांगितलं, बाई गर्दीत हरवायची नाही."

"तेही खोटं नाही."

ह्यांना हसू फुटलं. मग ते थांबेचना. पॉलिश पेपर हातातच, आणि डोळ्यांतून पाणी. मलाही हसू आवरेना. शिंपीणबाईंची मशीन पलीकडे थांबली. भिंतीला कान लावला असणार.

"पण तुला अबोली हवा होता," हसणं ओसरल्यावर हे म्हणाले.

"हवा होता. आता हा हवाय."

"खरं?"

"खरं."

ह्यांनी तो शब्द घेतला. कसा घेतला ते मला दिसलं. खांदे खाली आले, पेपर खुंटीवर गेला. डबे जागेवर लावायला मी फळीकडे निघाले तर म्हणाले, "ते राहू दे. आधी चालवून दाखव."

मी बोळात गेले. सीट माझ्या उंचीला बरोबर होती, कुणाचीच सायकल तशी नसायची. टोकापर्यंत गेले, वळले. शिंपीणबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि "सुंदर हो, सुंदर," असं इतक्या मोठ्याने म्हणाल्या की खोटं कुणालाही ओळखू यावं.

ह्यांच्यापुढे येऊन ब्रेक दाबला. हे गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते, सायकल विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बघतं तसे.

"कशी दिसली?" मी विचारलं.

हे गोंधळले. दिसण्याचं आमच्याकडे नेहमी हे मला विचारत.

"मला काय विचारतेस? तूच सांग."

"मी वर बसलेली. मला कशी दिसणार?"

ह्यांनी मान खाजवली. "पाठ जरा वाकवून बसतेस," हे म्हणाले. "ताठ बस. मागचं चाक किंचित डुलतंय, ते मी बघतो. वळलीस तेव्हा मडगार्डवर ऊन आलं, तेव्हा..." शब्द सापडेना. "तेव्हा चांगली दिसली."

"खरं सांगताय?"

"आता मी खोटं बोलेन होय," हे म्हणाले, आणि सायकलचं तोंड पुन्हा बोळाकडे वळवून दिलं. "अजून एक चक्कर मार. नीट बघतो."