शेवंतीचा अंबाडा

गोवा राज्य झालं, कोकणीला मान मिळाला, तरी डिचोलीत माझ्या धंद्याचं नाव काही कुणाच्या तोंडी बसेना. बाजारामागे फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला होता आणि लोक अजून ‘मालिशवाली बाय खंय बसता?’ म्हणून विचारत. मी चिडायचे. पेशंट आत आला की चिडणं विसरायचे.

शेवंती आली ती नवऱ्याच्या मागून. विठू मूळचा सावंतवाडीकडचा, शिरगावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक, टिप्पर चालवणारा. तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण शेजारणींनी ‘हाड अजून कच्चं आहे’ म्हणून बजावलं आणि हिने पंच्याने हात गळ्यात बांधून ठेवला. मनगट बरं झालं, खांदा आखडून बसला.

“काय होतंय?” मी तिला विचारलं. उत्तर विठूने दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा विठूच.

“हात कुणाचा आहे?” मी म्हणाले, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

दुखण्याची चौकशी मी नंतर करते. आधी विचारते, कुठलं काम अडलंय? कारण माणूस खांद्यासाठी झटत नाही, त्या कामासाठी झटतो.

शेवंती लाजली. “केस इंचरूक जमना नाय.”

“मग विंचरतं कोण?”

“मीच,” विठू जमिनीकडे बघत म्हणाला.

भांग नागमोडी गेला होता. मी हसू कसंबसं आवरलं.

मग तिचा हात हलके वर नेऊन पाहिला. खांद्याच्या उंचीवर तो अडला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. मी तिथेच थांबले. शेक कसा द्यायचा, ओणवं राहून हात सैल झुलवायचा कसा, बोटांनी भिंत चढायची कशी, सगळं तिच्याकडून करून घेतलं. थोडं दुखेल, पण रात्रभर ठणकलं तर मला सांगायचं. आणि आता आळस केलास तर हा हात असाच राहील, हेही स्पष्ट सांगितलं. विठूच घाबरला.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघं यायची. तिची बोटं पोचतील तिथे मी भिंतीवर खडूने रेघ मारायचे; ती रेघ मात्र काही केल्या वर सरकेना. मी रागावले. विठू शपथेवर सांगायचा की ती रोज व्यायाम करते. माझी विद्या कमी पडतेय की काय, या विचाराने माझीच झोप उडाली. तिचा भांग मात्र सरळ होत चालला होता. अंबाडा घट्ट, वर आबोलीची वळेसर, घट्ट गुंफलेला गजरा.

एकदा विठू उंडे पाव आणायला बेकरीत गेला होता. शेवंती पायपुसण्याला अडखळली, वळेसर अंबाड्यावरून घसरली आणि तिचा तोच आखडलेला हात झटकन मानेमागे गेला. फुलं हातात धरून ती तशीच उभी राहिली. मीही.

“बाय, तेंका सांगा नकात.”

“कधीपासून जातोय वर?”

ती खाली बसली. “लग्न झाल्यापासून हे काळोखात टिप्पर घेवन जायत, रातीक येयत. माझ्या वांगडा बसाक टायम खंय हुतो? आता कामार जावच्या आदी माका पडवेत बसवतत, गुंतो सोडवतत. ‘दुखता काय गे?’ म्हणान इचारतत. हात बरो झालो काय, मगे ता बंद होतला.”

तिला फैलावर घ्यायला हवं होतं. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. पण हात अर्धवट वापरला तर पुन्हा आखडणार, आणि विठूशी मी खोटं बोलणार नव्हते. “तूच दाखव त्याला,” मी म्हणाले.

विठू पिशवी घेऊन आत आला. शेवंतीने हात सरळ वर केला, थेट डोक्यावर. त्याच्या तोंडावर हसू पसरलं. “देवान ऐकल्यान माझा!” तो माझ्याकडे वळला, मग पुन्हा तिच्याकडे. हसू हळूहळू उतरलं.

“मगे उद्यापासून मी नको?” पिशवीचे बंद चाळवत तो म्हणाला. “आताच खंय माका जरा बरा जमाक लागला हुता.”

शेवंतीने हात खाली घेतला. स्टूल ओढून ती त्याच्याकडे पाठ करून बसली आणि अंबाडा सोडला.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटला सांगितलं, जरा वेळ लागेल.