पेंढ्याची गादी

मी सत्तरीची. लढाईपायी पेट्रोल मिळंना म्हणून मोटार बंद होती, पण मला पोशीरहून दहिवलीला लेकीकडं जायचंच होतं. माझी हाडं दुखू नयेत म्हणून माझ्या मुलानं, कोंडाजीनं, बैलगाडीत कमरेएवढा पेंढा भरून मला वर बसवलं.

वाटेत मागून येणाऱ्या एका गाडीच्या बैलांनी माझ्या गादीत तोंड घातलं. हाकलायचं सोडून मीच त्यांना मुठीमुठीनं भरवू लागले. ओली जीभ हाताला लागली की हसू आवरंना.

कोंडाजी पुढं बघूनच विचारायचा, "आये, बरं वाटतंय ना?"

"लई," मी म्हणायची.

दहिवलीत तो मला उतरवायला वळला, तर मी उघड्या फळ्यांवर बसलेली.

"परतताना दुप्पट भर रं," मी म्हटलं. "बैलांना पुरला नाय."