नारायणरावांची अर्धी पोळी

वारल्यानंतर नारायणरावांची तब्येत झपाट्याने सुधारली. सोमवारी रांझीतल्या त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, नातेवाईक खीर खाऊन नागपूरच्या गाडीत बसले, आणि गुरुवारी नारायणरावांनी अर्धी पोळी खाल्ली.

खाल्ली ती पार्वताबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, तोंडून. त्या इस्पितळात आल्या होत्या नुसता नातेवाइकाचा पास परत करायला. कॅन्सरचा विभाग वाढवला तेव्हा मोडक्या पलंगांची एक खोली रिकामी केली होती; तिथे दर गुरुवारी पेशंटच्या घरच्यांना मन मोकळं करायला बसवत. पलंग गेले होते, गंजाचे डाग फरशीवरच होते. समुपदेशक गीतांजली दीदींनी त्यांना नेहमीसारखं तिथं बसवलं आणि सवयीनं विचारलं, "अम्मा, बाबूजी कैसे हैं?"

नारायणराव घरीच वारले होते, त्यामुळे इथं कुणाला पत्ता नव्हता. पार्वताबाई सांगणारच होत्या. पण समोर प्रतिमा बसली होती. तिच्या नवऱ्यानं, आल्हादनं, जेवण सोडलं होतं, आणि वजन आणखी उतरलं तर पुढची केमो देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती पार्वताबाईंच्या तोंडाकडे बघत होती.

"आधी रोटी खाई आज," पार्वताबाई म्हणाल्या.

प्रतिमानं ती अर्धी पोळी वॉर्डात नेली. आल्हाद म्हणाला, "म्हातारा अर्धी खाऊन राहिला? मग मले पाऊण दे."

तेव्हापासून नारायणरावांना मरायला सवड मिळाली नाही. भात झाला, भरीत झालं, जन्मात ज्याला शिवले नाहीत ते कारलंही झालं. एका गुरुवारी तर ते भेडाघाटला जाऊन रोपवेत बसून आले. घरी त्यांच्या फोटोवरचा हार वाळत चालला होता, आणि आल्हाद मात्र दोन पोळ्यांवर आला होता.

मग एक दिवस प्रतिमा म्हणाली, "काकू, हे म्हणून राहिले, काकांना एकदा पाहायचंच. नाही आणलं तर जेवणार नाही म्हणतात."

पार्वताबाईंनी तिला जिन्याखाली नेलं आणि सगळं सांगून टाकलं.

प्रतिमानं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "अन् रोपवे?"

"तोही नाही बाई."

"अच्छा. अन् कारलं?"

"कारलं तर त्याईले आवडतच नव्हतं."

प्रतिमा पायरीवर बसली. "मी तुमच्यावर रागावणार आहे, काकू. आत्ता नाही. केमो होऊन जाऊ द्या. यांना सांगू नका."

"आणखी किती जगवू त्याईले? थकली मी."

"चलो," प्रतिमा ओढणीनं तोंड पुसत उठली. "काहून नाही आले, ते विचारतील. सांगा काहीतरी."

आल्हाद उशीला टेकून बसला होता. ताट समोर होतं, पोळीला हात नव्हता. "काका कुठं आहेत?"

"पाय मुरगळला," पार्वताबाई म्हणाल्या. "रोपवेतून उतरताना."

"म्हातारा लई उडून राहिला!" आल्हाद खोकला येईपर्यंत हसला, आणि त्यानं ताट जवळ ओढलं. प्रतिमानं तोंड खिडकीकडे केलं.

घरी आल्यावर पार्वताबाईंनी फोटोसमोर मेणबत्ती लावली. "पाय मुरगळला तुमचा," त्यांनी कळवलं. नारायणरावांनी हरकत घेतली नाही. जिवंतपणीही ते फारशी घेत नसत.

आता थोडं रडावं म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या. जमलं नाही. रडायची जागा म्हणून दिलेली खोली एकच होती, इस्पितळातली, आणि त्या खोलीत नारायणराव जिवंत होते.