पायाची चूक

माझी बायको शाळेची व्हॅन चालवायची. अकरा वर्षं. सकाळी चौदा पोरं सोडायची, दुपारी तीच चौदा घरी आणायची. एवढ्या वर्षांत तिने कुणाला खरचटू दिलं नाही. ती गेली ती आमच्या स्वतःच्या गाडीत, आमच्याच गल्लीच्या टोकाला, भर दुपारी, भिंतीवर आदळून. समोरच्या चपलांच्या दुकानदाराने पाहिलं. तो म्हणाला, गाडी थांबायच्या ऐवजी वेग घेत गेली.

पोलिसांनी माझा जबाब हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये घेतला. हवालदार भला माणूस होता, बाकावर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होता. गाडीत काही बिघाड होता का, त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. मग कसं झालं असेल? मी म्हणालो, "ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर पाय पडला असेल. हात व्हॅनला बसलेला, ही गाडी वेगळी." त्याने 'असेल' गाळलं आणि 'पाय पडला' असं लिहिलं. मी वाचून सही केली. आत तिच्या अंगावर अजून चादरसुद्धा घातली नव्हती.

असं का म्हणालो ते सांगतो. मी लेथवर काम करतो. आमचा कारखाना पूर्वी ही गाडी बनवणाऱ्या कंपनीला दाराच्या बिजागरीच्या पिना पुरवायचा. एकदा त्यांनी आमच्या तीनशे पिना परत पाठवल्या, केसभर जाड होत्या म्हणून. दुसऱ्या कुणी हातोडीने ठोकून बसवल्या असत्या. मालकाने त्यांना शिव्या घातल्या. मी मात्र त्या दिवसापासून त्या कंपनीचं नाव घेतलं की आदराने कानाला हात लावायचो. गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा बायकोच्या मनात दुसरी होती, उंच सीटची. मी म्हटलं, ही कंपनी सोडून दुसरीकडे बघायचं नाही, यांची गाडी डोळे झाकून घ्यावी. चालवणार ती, म्हणून नावावर तिच्याच केली. माझं औदार्य तेवढंच.

चार महिन्यांनी ती म्हणाली, "अहो, या गाडीचं पेडल कधी कधी दाबलं की वर येत नाही." मी रविवारी सकाळी गाडी फिरवून आणली. लोण्यासारखी चालली. तिला तसं सांगितलं. पुन्हा महिन्याभराने तिने विषय काढला. म्हणाली, दुपारीच होतं, सकाळी नाही होत. मी विचारलं, गाडीला घड्याळ कळतं का. सर्व्हिसिंगच्या वेळी सांगते म्हणाली, तर मी नको म्हणालो. तिथले दोघेतिघे मला ओळखत होते, माझं हसं झालं असतं.

तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कारखान्यातले दोन मित्र जेवायला होते. ती वाढत होती. मी म्हणालो, "पेडल नाही अडकत, हिची अक्कल अडकते." मित्र हसले. तीही हसली आणि आमटी वाढत पुढे गेली. त्यानंतर ती पेडलबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला. ती गेली त्याच्या नऊ दिवस आधीची ही गोष्ट.

ती गेल्यावर माझा जबाब गल्लीभर झाला. पायाची चूक. नवराच म्हणतोय म्हटल्यावर कोण शंका घेणार? व्हॅनमधल्या पोरांच्या आया जिन्यात बोलायच्या. त्यांतली एक, खालच्या मजल्यावरची, एकदा म्हणाली, बरं झालं, व्हॅनमध्ये नाही झालं, कुणाच्या भरवशावर पोरं सोपवत होतो आपण. माझी लेक नोकरी सोडून माझ्यासोबत राहायला आली होती. भाजी घेऊन वर चढताना तिने ते ऐकलं. त्या दिवसापासून ती त्या बाईशी बोलली नाही, आणि दोन दिवस माझ्याशीही नाही.

मेहुणा तर तोंडावर बोलला. "दाजी, अकरा वर्षं जिने दुसऱ्यांची पोरं सांभाळली, तिचा पाय तुम्ही एका सहीत चुकवलात. तुम्ही कंपनीचे जावई की आमचे?" मी म्हणालो, ती गाडी चुकणारी नाही. तो उठून गेला तो परत आला नाही.

दहा महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. बायकोच्या नावाने. 'आपले वाहन तपासणीसाठी परत बोलावण्यात येत आहे.' खाली कारण होतं. ॲक्सिलरेटरच्या पेडलमधला प्लास्टिकचा बुश प्रमाणापेक्षा किंचित जाड निघाला आहे. वाहन उन्हात उभे राहिल्यास तो फुगून पेडल जागच्या जागी अडकू शकते. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

व्हॅनच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आमची गाडी गल्लीत उन्हात असायची. बाजारहाट ती तेव्हाच करायची. रविवारी सकाळी गाडी सावलीत असायची. मी दारात उभा राहून ते पत्र तीनदा वाचलं.

बातमी टीव्हीवरही आली. मला वाटलं, आता लोक कंपनीला नावं ठेवतील. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "याला म्हणतात कंपनी. स्वतःहून चूक कबूल केली. बाकीचे दडपून टाकतात, कळतही नाही आपल्याला. नाव काय उगाच होतं का?" त्यांनी त्याच आठवड्यात तीच गाडी बुक केली, कारण आता ती तपासून मिळणार होती. माझ्याशी बोलताना आमच्या घरी काय झालं हे ते विसरले असतील असं नाही. आमच्या घरी पाय चुकला होता, पेडलचा त्यात काय संबंध.

ज्यांच्या घरी अपघात झाला असेल त्यांच्यासाठी कंपनीने कॉम्प्युटरवर फॉर्म ठेवला होता. मला ते जमत नाही. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली, मी शेजारी. ती विचारायची, मी सांगायचो. भरपाईच्या रकान्यात मी 'नको' लिहायला लावलं. मला कंपनीच्या कागदावर एक ओळ हवी होती, चूक चालकाची नव्हती एवढीच. लेकीलाही तेच हवं होतं. त्या संध्याकाळी ती कितीतरी दिवसांनी मोकळी दिसत होती. म्हणाली, "बाबा, ती ओळ आली की मोठी करून जिन्यात लावू. त्या बाईच्या दारासमोर."

मग एक रकाना आला. या दोषाबद्दल चालकाने यापूर्वी कोणाकडे तक्रार केली होती का? लेक 'नाही'वर टिचकी मारायला निघाली. मी म्हणालो, "थांब. केली होती."

तिचा चेहरा उजळला. "केली होती? मग झालंच की काम. सर्व्हिस सेंटरला का?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टाइप करत होती. मध्ये एवढंच विचारलं, किती वेळा. मी तीन म्हणालो. तिसऱ्या वेळी मी काय म्हणालो ते तिने शब्दाला शब्द मागितलं. मी सांगितलं. तिने लिहिलं. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "पाचशे अक्षरांच्या वर जातंय. काय काढू?"

मग तिनेच ठरवलं.

"तुमचे मित्र हसले ते काढते," ती म्हणाली. "आई हसली तेही काढते. तुमचं वाक्य राहू दे."

तीन आठवड्यांनी मला कंपनीच्या ऑफिसात बोलावलं. शोरूमच्या मागे काचेची खोली होती. तक्रारी बघणारा साहेब तिशीतला, वागायला चांगला. मी आत गेलो तेव्हा उठून उभा राहिला, पाणी दिलं, दुःख झालं म्हणाला. मग माझ्या पोलीस जबाबाची प्रत माझ्यापुढे सरकवली. सही माझीच ना, विचारलं. माझीच होती. गाडी कुठे आहे? मी पहिल्याच आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकली होती, डोळ्यांसमोर नको म्हणून. मग तपासणार काय, तो म्हणाला. त्या दिवशी तुम्ही पाय म्हणालात, पेडल म्हणताय ते आमचं पत्र आल्यावर. मी म्हणालो, फॉर्ममध्ये लिहिलंय ते वाचा, ती आधीच सांगत होती.

"वाचलं, काका," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "घरात राहून तुमचाच विश्वास बसला नाही. आम्ही तर त्यांना पाहिलंही नाही."

दोषाचा संबंध सिद्ध होत नाही, असं छापलेला कागद त्याने दिला. बाहेर शोरूममध्ये बसायला खुर्ची नव्हती एवढी गर्दी होती.

मी घरी येऊन कागद टेबलावर ठेवला. लेकीने उभ्या उभ्या वाचला. मग आईचा फोन घेऊन आली. तो तिने चालू ठेवला होता. व्हॅनच्या पालकांचा ग्रुप त्यात अजून होता. फॉर्ममधला तो रकाना तिने त्यात उतरवून काढला, तीनदा सांगितलेलं, माझं वाक्य, सगळं. पाठवायच्या आधी थांबली.

"तुमचं नाव घालू, की नुसतं नवरा लिहू?"

"नाव घाल," मी म्हणालो.

तिने घातलं. मित्र हसले होते आणि तिची आईही हसली होती ते परत लिहिलं. इथे अक्षरांची मर्यादा नव्हती. त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या गावात नोकरी मिळाली. डाळ-तांदळाच्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या लावल्या, मला सापडावं म्हणून. निघताना दाराशी चपला घालून म्हणाली, "तब्येतीला जपा." बाबा म्हणाली नाही.

मास्तरांची गाडी आली. छान आहे.

लेक गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन येत होतो. खालच्या मजल्यावरची ती बाई जिन्यात दुसरीला सांगत होती, "बिचारी सारखी सांगत होती म्हणे. किती जपून न्यायची हो पोरांना, ब्रेक लावला तर डबा हलायचा नाही. असल्या माणसाच्या घरात पडली." त्यांनी मला पाहिलं. आवाज खाली केला नाही आणि वाटही सोडली नाही. मी खालच्या पायरीवर पिशवी धरून उभा राहिलो आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं.