एकाच बाजूचा फोन

वीज पडून आमच्या बेटावरचं जुनं मॉडेम जळालं आणि सगळ्या घरांतले फोन मुके झाले. बेटाचं प्रत्येक बोलणं त्या एका पेटीतून उपग्रहाकडे जायचं. समुद्र खवळलेला, कोचीची जहाजं बंद. पुढे कवरत्तीहून हेलिकॉप्टर एका बाळंतिणीला न्यायला आलं, तेव्हा त्यातून नवं मॉडेम उतरलं. सोबत शेजारच्या आट्टबीला निरोप होता: मुलगा चेरियकोया एर्नाकुलमच्या इस्पितळात आहे, फार वेळ उरलेला नाही.

चेरिया तिचा एकुलता एक. न विचारता तिकडचीच बायको केली, म्हणून दोन वर्षं आट्टबी त्याच्याशी बोलली नव्हती. त्याचा फोन आला की कानाला लावायची आणि गप्प बसून खाली ठेवायची. हेलिकॉप्टरमध्ये तिला जागा मिळाली नाही. ती तडक टेलिफोन केंद्रावर येऊन बसली. मी तिच्याजवळ बसले; केंद्र सांभाळणारा मुत्तुकोया माझा धाकटा भाऊ.

मुत्तूने उपग्रह लगेच पकडला. हिरवा दिवा लागला.

"लागला की! आता बोलू?" आट्टबी उठलीच.

"उम्मा, हा दिवा वरच्या वाटेचा. पेटीतून आपल्या फोनच्या यंत्रात बोलणं उतरायला हवं ना?" मुत्तू म्हणाला. आमच्याकडे आईला उम्मा म्हणतात; तो तिलाही तेच म्हणायचा.

पेटीच्या मागचं पोर्ट भलत्याच जातीच्या तारेसाठी लावलेलं होतं. ते बदलून त्याने वेग जुळवला. दुपारच्या नमाजानंतर फोनमध्ये डायल करण्याआधीची घरघर आली.

"थोडं थांबा, घड्याळाची सेटिंग तपासायची राहिलीय," तो म्हणाला.

"माझा चेरिया थांबणार आहे का रे?"

मुत्तूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लाव बाबा."

स्पीकरवर सुनेचा आवाज आला, मग चेरियाचा, अगदी खोल गेलेला. "उम्मा?"

"बाळा, मी आहे रे! ऐकतोस ना?"

"उम्मा... बोल ना."

"बोलतेय की! चेरिया! माझ्या राजा!"

"अजून रागावलीयस?"

आट्टबी ओरडत राहिली. तिकडे काहीच पोचत नव्हतं. मुत्तू पेटीवर धावला, पण बटणं दाबेपर्यंत तिकडून कुणीतरी फोन ठेवला. परत लावला तर लागेना.

चूक त्याला सापडली. मॉडेम उपग्रहाकडून वेळ न घेता स्वतःच्याच घड्याळावर चाललं होतं. दोन टोकं केसभर मागेपुढे. तिकडचं नीट येत होतं, इकडून गेलेलं वाटेत सांडत होतं. त्याने ते बदललं, आणि घराघरांत फोन वाजू लागले. लोक आनंदाने ओरडत केंद्राकडे आले. आट्टबीसाठीही फोन आला. चेरिया गेला होता.

मुत्तू तिच्या पायाशी बसला. "उम्मा, माझी चूक झाली. तपासायला हवं होतं."

"तुझी कसली चूक?" ती म्हणाली. "दोन वर्षं मी अशीच गप्प होते. त्याला वाटलं असेल, आजही तसंच."

पुढे मुत्तूने तिच्या सुनेला फोन केला आणि सगळं सांगितलं: उम्मा बोलत होती, खूप बोलत होती, यंत्रात बिघाड होता.

 ती त्याला मोठ्या भावासारखं काक्का म्हणायची. म्हणाली, "काक्का, मी हे आता कुणाला सांगू?"