इराकबद्दल डोंगरकडा काय म्हणतं

२००३ सालच्या जूनमध्ये रवींद्रचा फोन आला. डोंगरकडा गावात किसनरावांच्या एसटीडी बूथवर जनकाबाईनं रिसीव्हर कानाला लावला. पोरगा फौजेत, छावणी पुण्याकडं.

"आई, आमाला इराकला पाठवतील म्हणून बोलून राहिले. पक्कं न्हाई अजून," एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

घरी येऊन तिनं सुनेला, रवींद्रच्या बायकोला, विचारलं. पल्लवी बारावी झालेली, घरात पेपर तीच वाचायची.

"अमेरिकेनं इराक घेतला, आत्याबाई. आता तिथं बंदोबस्ताला दुसऱ्या देशांची फौज मागून राहिलेत. आपल्यालाबी मागितली."

"द्यायची का न्हाई, ते ठरवतं कोण?"

"दिल्लीतलं सरकार."

"ते व्हय. पण कशावरून ठरवतं?"

पल्लवीनं पेपर चाळून पाहिला. तसलं काही त्यात छापलेलं नव्हतं.

जनकाबाईला काळजी लागली होती हे खरं, पण त्याहून जास्त हा प्रश्न तिला सुखानं बसू देईना. नवरा भिवाजी म्हणाला, "मोठ्या लोकांच्या गोष्टी त्या, आपल्याला काय करायचं?" पण बाईचा स्वभावच तसा. वस्तीचा हातपंप दुसरीकडं कसा गेला, याचा माग काढत ती एकदा थेट सभापतीच्या ओसरीवर जाऊन बसली होती. सकाळी तिनं कळमनुरीची एसटी धरली.

माणिकरावांचं खताचं दुकान स्टँडजवळच होतं. दिल्लीत ज्यांचं राज्य, त्या पक्षाचे ते तालुक्याचे अध्यक्ष. जनकाबाईनं त्यांना कधी मत दिलं नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

"या मावशी. युरिया पायजे का?"

"युरिया न्हाई. फौज इराकला पाठवायची का न्हाई, हे तुमचे लोक कशावरून ठरवून राहिले, तेवढं सांगा."

माणिकराव हसले. मग गिऱ्हाईक नोकराच्या हवाली करून बाकड्यावर सरकून बसले. "खरं सांगू? परवा मलाच मुंबईहून फोन आला होता. खेड्यात लोक काय म्हणतात म्हणून."

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्हणलं, लोक पेरणीत हायेत. कुणाला पडलं न्हाई."

जनकाबाई बघतच राहिली. येताना एसटीत तिनं मनाशी दिल्ली रंगवली होती: लांबलचक टेबल, भिंतीवर नकाशे, गंभीर चेहऱ्याची माणसं. त्या टेबलाची एक बाजू या खताच्या दुकानात निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुमी विचारलं का कुणाला?"

"न्हाई."

"मग या डोंगरकड्याला. विचारा."

आणि माणिकराव खरोखर आले. "वर्षभरात लोकसभा हाय, मावशी," त्यांनी आल्याआल्या कारणही सांगून टाकलं. बाजाराचा दिवस होता. बूथसमोर माणसं जमली.

ट्रक चालवून घरी बसलेला बाबूसिंग म्हणाला, "युनोनं बोलावलं तर जावं. अमेरिकेच्या हुकमाखाली काहून?"

"तिथल्या लोकांनी बोलावलंय का आपल्याला?" सुमनबाईनं विचारलं. तिच्या घरी पन्नास माणसं जेवतील एवढी शेती, पण बोलावल्याशिवाय ती कुणाच्या दारी जात नसे.

संतराम म्हणाला, "डिझेल स्वस्त मिळत असंल तर जाऊ द्या की!" लोक हसले.

तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "उद्या जनकाबाईचं पोरगं पेटीतून आलं, तर इथं मत मागायला कोण येईल?"

हसणं तिथंच थांबलं. सगळे जनकाबाईकडं बघायला लागले. कसं ठरतं ते बघायला म्हणून तिनंच हे सगळं जमवलं होतं, आणि ठरवायला वापरलं जात होतं तिचं लेकरू. पण ती जागची हलली नाही. पुढं काय होतं ते तिला बघायचंच होतं.

माणिकरावांनी बूथमध्ये शिरून मुंबईला फोन लावला. काचेचं दार नीट लागत नव्हतं. "न्हाई साहेब, आपल्याकडं हे चालणार न्हाई. लोक नाराज होतील. व्हय, इलेक्शन हाय ना." इराकचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. रवींद्रचंही नाही.

जुलैच्या मध्यावर रेडिओनं सांगितलं: भारत फौज पाठवणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून. पल्लवी हसता हसता रडायला लागली.

"मतांचं काही बोलले का गं?" जनकाबाईनं विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी मात्र पेपरातल्या एका लेखात ते निघालं. चार राज्यांच्या निवडणुका तोंडावर आहेत, लोकांचा विरोध आहे, सरकारला हे सगळं बघावं लागलं. पल्लवीनं तो लेख दोनदा वाचून दाखवला.

"मंजी रेडिओचंबी खरं आन् पेपरचंबी," जनकाबाई म्हणाली. आपल्या गावाचं त्यात किती होतं, हे मात्र कुणी सांगू शकलं नाही. कळमनुरीत माणिकराव सगळं श्रेय स्वतःकडं घेऊन हिंडत होते, त्यावर तिचा विश्वास नव्हता. आपला वाटा अगदीच शून्य होता, यावरही नव्हता.

आठवड्याच्या शेवटी रवींद्रचा फोन आला. तिनं हरखून सगळी हकीकत सांगितली. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला,

"आई, मी सायबाला सांगून ठेवलं होतं, मी जायला तयार हाय."

"काहून रे?"

"बघायचं होतं. आपल्याकडून तिथवर कोण जातं?"

जनकाबाई खाली स्टुलावर बसली. साऱ्या गावाला विचारलं, आणि ज्याला जायचं होतं त्यालाच नाही. तो गेला नाही याचा आनंद काही कमी झाला नाही, पण त्या आनंदाला आता एक बोच लागली.

"काय बघणार होतास तिथं?" तिनं विचारलं.

आधी तो नको म्हणाला. मग हळूहळू बोलायला लागला: दोन मोठ्या नद्या आहेत म्हणे, खजुराची रानंच्या रानं, विटांची फार जुनी शहरं. किसनराव दुकान आवरत होते. त्यांना हातानं थांबा म्हणत जनकाबाईनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं, "त्या नद्यांना पाणी असतं का रे बारा महिने?"