झेंड्यातली फुलं

सव्वीस जानेवारीचा झेंडा फुलांसकट बांधायचं काम आमच्या सक्करदऱ्याच्या बिल्डिंगमध्ये माझ्याकडे असते. यंदा मी त्यात मूठभर झेंडूच्या पाकळ्या ठेवल्या, गाठ मारली आणि साऱ्यांले बजावलं, "आता कोणी हात लावाल तर याद राखा!"

माझं ऐकते कोण? मी साडी बदलायले घरी गेली, तर हेमनानीभाऊंनी त्यात गुलाब कोंबले. मग नसरीनभाभीनं निशिगंध, मग पिल्लैकाकांनी शेवंती. साऱ्यांले वाटलं, आपलंबी एखादं फूल पडावं. जो तो आपली नवी गाठ मारून गेला. झेंड्याचं पार कोहळं झालं!

पाहुणे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी दोरी ओढली, पण झेंडा उघडेच ना.

"काहून उघडून नाही राहिला वं, कांताबाई?" भाभीनं साळसूदपणे विचारलं.

"या, ओढा सगळे!" मी खेकसली. तिघांनी मिळून हिसका दिला आणि टोपलंभर फुलं धपकन खाली आली.

तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं. सारे सावधान. हेडमास्तरांच्या टकलावर आख्खी शेवंती बसली होती. हात हलवता येईना, हसता येईना. पिल्लैकाकांचं पोट गदगदा हलून राहिलं होतं. मी डोळे वटारले, तर माझ्याच तोंडात पाकळी गेली.

गीत संपलं. हेडमास्तर "भारत माता की" म्हणाले आणि "जय" म्हणता म्हणता सारी बिल्डिंग हसत सुटली. पाण्याच्या टाकीवरून वर्षभर भांडणारी ही माणसं एकमेकांच्या खांद्यावर पडून हसून राहिली होती.

मी कमरेवर हात ठेवून ओरडली, "पुढच्या वर्षी झेंडा मोठा आणा लागते!"